‘ग्लेअरिंग’ म्हणजे कौतुक नाही हो!

‘प्रखर तेजाचे इंग्रजी शब्द’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या जो तो पुढे ढकलतो आहे. दावे असे: ग्लेअरिंग, डॅझलिंग, ब्लाइंडिंग, ब्रिलियंट हे सगळे ‘तेजस्वी’चे प्रतिशब्द, कुठलाही कुठेही वापरा, लाइमलाइट हा शब्द लिंबावरून आला, आणि ब्राइट हा संस्कृत ‘भ्राज’चा अपभ्रंश. एरवी मी वाचून सोडून दिलं असतं. पण माझ्या पुतणीने त्यावर विसंबून इंटर्नशिपच्या अर्जात ‘माझं ग्लेअरिंग अकॅडेमिक रेकॉर्ड’ असं लिहिलं. पाठवण्याआधी मला दाखवलं म्हणून निभावलं.

ग्लेअर म्हणजे डोळ्यांना सोसवत नाही असा भगभगीत उजेड. रात्री समोरून हायबीम लावून गाडी येते तेव्हा आपण शिव्या घालतो तो. डोळे वटारून बघण्यालाही इंग्रजीत ग्लेअरच म्हणतात. लाक्षणिक अर्थही या त्रासाला धरूनच आहे: झाकू म्हटलं तरी झाकत नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतं ते ग्लेअरिंग. ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. लाक्षणिक अर्थ देताना तो आधी कंसात बजावतो की हे विशेषण वाईट गोष्टीला लागतं. सोबतचे शब्दही तसेच: एरर, ओमिशन, इनजस्टिस. आपण ‘धडधडीत खोटं’ म्हणतो. ‘धडधडीत हुशार मुलगी’ कुणी म्हणतं का? तो अर्ज वाचणाऱ्याला वाटलं असतं की मुलीच्या रेकॉर्डमध्ये काहीतरी काळंबेरं आहे आणि ती ते आपणहून सांगते आहे. घरात इंग्रजी तपासून देणारं कुणी नाही अशी किती मुलं हा संदेश वाचून अर्ज लिहीत असतील, या विचाराने संताप येतो.

डॅझलिंग कौतुकाला चालतं. मात्र हेडलाइटने डोळे दिपून समोरचं दिसेनासं होतं तेव्हाही क्रियापद डॅझलच. ब्लाइंडिंग ब्रिटिश बोलीत ‘झकास’ या अर्थाने येतं, पण ‘ब्लाइंडिंग हेडेक’ म्हणजे डोकं फुटायची वेळ. ब्रिलियंट बिनधास्त वापरा.

आता लिंबू. म्हणे नटांच्या चेहऱ्यावर चमक यावी म्हणून लिंबू चोळत! इंग्रजीत लिंबू आणि चुना या दोन्हींना ‘लाइम’ म्हणतात, एवढ्यावरून ही कथा रचली आहे. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत कळीचा चुना तापवला की तो पांढराशुभ्र, लख्ख प्रकाश देतो. आयर्लंडच्या सर्वेक्षणात थॉमस ड्रमंड यांनी 1825 साली असा दिवा डोंगरावर लावला आणि तो शंभरहून अधिक किलोमीटरवरून दिसला. 1837 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो आला. विजेचे दिवे येईपर्यंत मुख्य नटावर हाच झोत पडायचा, म्हणून लोकांच्या नजरेत असणं म्हणजे लाइमलाइटमध्ये असणं.

राहिला ब्राइट. इथे संदेशात थोडं तथ्य आहे, ते मानावं लागेल. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘भ्राजृ दीप्तौ’ (भ्राज म्हणजे चमकणे) आहे, जुन्या इंग्रजीत ब्राइटचं रूप ‘बेओर्ह्त’ होतं, आणि दोघांचं मूळ एकच मानतात. पण एक दुसऱ्यातून निघालेला नाही. भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात 1786 साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांबद्दल सांगितलं होतं की त्या एका समान उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम बहुधा आता उरलेला नाही. इंग्रजीही त्याच कुळातली. तेव्हा संदेश पुढे पाठवायचाच असेल तर ‘अपभ्रंश’ खोडून ‘एकाच मुळातला’ असं लिहा, आणि ग्लेअरिंग व लिंबाच्या ओळी आधी काढून टाका.