गप बसायचं ट्रेनिंग

घोटाळा 'पीअर' या शब्दापासूनच सुरू झाला. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "यंदा आपल्याला पीअर लीडर तयार करायचेत, आणि ते तुम्ही करायचे." आमचे शिपाईभाऊ तेव्हा चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी त्यातला 'पीअर' तेवढा उचलला. दुसऱ्या दिवशी गेटातून आत शिरलो तर रस्त्याकडेचे दगड चुन्यानं पांढरेशुभ्र, झेंड्याच्या कट्ट्याला गेरू, आणि रोपवाटिकेतून उसन्या आणलेल्या कुंड्या रांगेत मांडलेल्या. काही वर्षांपूर्वी कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची पीअर टीम येऊन गेली होती. तेव्हापासून भाऊंच्या डोक्यात पीअर म्हणजे लांबून गाडीनं येणारे, काजू खाणारे लोक.

"सर, काजू अर्धा किलोत भागते का किलोच आणू?"

"भाऊ, हे पीअर म्हणजे आपलेच पोट्टे."

"आपल्या पोट्ट्याईले काजू?" असं म्हणून भाऊंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलो नाही. दुपारपर्यंत कुंड्या परत गेल्या.

आमचं कॉलेज अमरावती जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या आजूबाजूचा हा पट्टा तिकडे अकोला-बुलडाण्यापर्यंत गेलेला. विहीर खणली की खारं पाणी लागतं. लहानपणापासून ते पाणी पिऊनही आमच्या पहिल्या वर्षाला मिठाचं रेणुसूत्र विचारलं, की वर्ग छताकडे बघतो. बीएस्सी पहिल्या वर्षाचा केमिस्ट्रीचा निकाल किती लागतो, ते इथे सांगत नाही. लेख विनोदी आहे.

तर त्यावर पीअर लीडर हा उतारा. १९७३ साली अमेरिकेत, मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या शाखेत, डिआना मार्टिन नावाच्या बाईंनी हा प्रकार सुरू केला. विषय चांगल्या मार्कांनी सोडवलेला विद्यार्थी हेरायचा. त्यानं यंदाच्या पोरांबरोबर पुन्हा वर्गात बसायचं, पुन्हा नोट्स काढायच्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा सगळ्यांना गोळा करून अभ्यास करवून घ्यायचा. करवून घ्यायचा, शिकवायचा नाही. यायची सक्ती नाही, ज्याला वाटेल त्यानं यावं. आणि हे कच्च्या पोरांसाठीचे जादा तास नव्हेत. मुळात विषय अवघड आहे, असं धरून चालायचं. मला सगळ्यात हेच भावलं. चोवीस वर्षं आम्ही स्टाफरूममध्ये 'पोट्टेच ढ' म्हणत आलो आणि बाईंनी ती पदवी पोरांकडून काढून विषयाला दिली. गणिताच्या सरांना मात्र हे मुळीच पटलं नाही. त्यांच्या मते विषय सोपाच आहे.

सहा जण निवडले, तीन मुलगे, तीन मुली. यादी नोटीस बोर्डावर लागली आणि 'लीडर' या शब्दानं दुसरा घोळ घातला. तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोर फ्लेक्स झळकला. आमचा एक लीडर गॉगल लावून, हात जोडून उभा. 'पीअर लीडरपदी निवड झाल्याबद्दल भाऊंचे हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइजचे सतरा फोटो. त्यातले अकरा केमिस्ट्रीत नापास होते. दुसऱ्या एकाचे वडील डवरणी टाकून कॉलेजात आले. "सर, पोट्टा लीडर झाला म्हणते. खर्च किती येईन?"

ट्रेनिंगला जुलैतला शेवटचा शनिवार ठरला. वेळ अकराची, पण दोन जणांची एसटी साडेअकराला येते, म्हणजे बाराला येते. खिडकीबाहेर पाऊस, आत आलुबोंड्यांचा वास. पूर्ण तयारीनिशी उभा राहिलो. लीडरनं भाषण द्यायचं नाही, फळ्यापाशी ठाण मांडायचं नाही, उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचा आणि गप बसायचं, हे मी मुद्देसूद समजावून सांगितलं. उदाहरणं दिली. कॅन्सस सिटी सांगितली. एक-दोन आठवणी सांगितल्या. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. ही रोज बावीस किलोमीटरवरून येते आणि वर्षभरात कधी हात वर केलेला मला आठवत नाही.

"बोल ना बाळा."

"सर, तुम्ही एक घंटा चाळीस मिनिटं झाले बोलून राह्यले."

घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं जास्तच झाली होती. आलुबोंडे पार गार.

मग प्रात्यक्षिकाकडे वळलो. मेरी बड रो नावाच्या एका संशोधक बाईंनी वर्गांमधल्या ध्वनिफिती ऐकून एक मोजमाप केलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी थांबतात किती, तर जेमतेम एक सेकंद. तेच तीन सेकंद थांबलं, तर मुलं मोठी उत्तरं देतात, एरवी मुके असणारे तोंड उघडतात, आणि 'माहीत नाही' कमी होतं. केवळ तीन सेकंद. म्हटलं, यात काय अवघड आहे?

अवघड असं, की आमच्या भागात तीन सेकंद गप बसण्याची रीतच नाही. कोणी एवढा वेळ गप राहिला, की शेजारचा विचारतो, "तब्येत बरी हाय ना गा?" मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. पहिला लीडर उठला. हा आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्वाची दोन ढाली मिळवलेला गडी. त्याला एवढंच करायचं होतं, 'मोल म्हणजे काय?' असं विचारून थांबायचं. तो म्हणाला, "मोल म्हणजे काय? तर उपस्थित मान्यवर..." पुन्हा केलं. या वेळी 'तर' गेला, पण मान्यवर राहिले. दुसऱ्यानं प्रश्न विचारला, तोंडावर हात दाबून धरला आणि अडीच सेकंदांवर हाताच्या फटीतून उत्तर फुटलं. तिसऱ्यानं मात्र पूर्ण तीन सेकंद दम धरला. टाळ्या वाजवणार, एवढ्यात दारातून शिपाईभाऊ म्हणाले, "सहा पॉइंट शून्य दोन दोन." मोलचा आकडा बरोबर होता. वीस वर्षं दारात उभे राहून भाऊंची बीएस्सी झालेली आहे, फक्त मार्कशीट नाही.

त्यानंतरचा धडा, विचारलेला प्रश्न परत गटाकडे ढकलायचा. कोणी म्हणालं 'हे कसं काढायचं?', की लीडरनं म्हणायचं, 'तुम्हाला काय वाटतं?' हा धडा मात्र पोरांनी एका दमात आत्मसात केला. इतका, की सोमवारी फ्लेक्सवाल्याचे वडील दुपारच्या उन्हात कॉलेजात हजर.

"सर, पोट्ट्याले तुम्ही शिकवलं तरी काय? म्या इचारलं, बैलाईले पाणी पाजलं का बे? त म्हणते, तुमाले काय वाटते?"

"मग?"

"मले जे वाटलं ते म्या केलं." त्यांनी उजवा हात झटकला. मुलगा दोन दिवस कॉलेजात आला नाही.

रात्री घरी मला आजोबा आठवले. त्यांनी तरुणपणी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. ते सांगायचे, बाबा देवाधर्माची पोथी सोडत नसत, समोरच्या माणसांना प्रश्न विचारत. लोक ओरडून उत्तर देत, त्यावर बाबा पुढचा प्रश्न टाकत, आणि कर्ज काढून सण करणं बरं का, कोंबडं-बकरं कापणं बरं का, याचं उत्तर शेवटी लोकांच्याच तोंडून निघे. बाबा जन्मले आमच्याच जिल्ह्यात, अमरावती विद्यापीठाला नाव त्यांचं, माझ्या पगारपत्रकापासून पोरांच्या मार्कशीटपर्यंत सगळीकडे त्यांचा शिक्का, आणि मी प्रश्न विचारायची रीत शिकायला कॅन्सस सिटीला गेलो. तेसुद्धा मोबाइलवर, नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या सत्राला ऑगस्ट उजाडला. गट बावीस किलोमीटरवाल्या मुलीचा. मला खोलीत बसायची मनाई होती, म्हणून मी व्हरांड्यात, खिडकीला कान देऊन. आत सात जण. शुभेच्छुकांपैकी दोन होते. आलुबोंडे नसल्याचं जाहीर करूनही सात, हे मी नोंदवून ठेवलं.

तिनं विचारलं, "मोल म्हणजे काय?"

आत शांतता. मी बोटं मोजायला लागलो. एक. दोन. एक मुलगा म्हणाला, "मोल म्हणजे भाव. कापसाचं मोल नाही का, तसं." हशा. ती हसली नाही. "भाव कशावर ठरते?" दुसरा म्हणाला, "क्विंटलवर." "म्हणजे क्विंटल म्हंजे मोल!" तिसरा ओरडला, आणि अख्ख्या गटानं माना डोलावल्या. ती गप. एक सेकंद. दोन सेकंद. चोवीस वर्षांची नोकरी माझ्या घशाशी आली. मी खिडकीतून डोकं घालून ओरडलो, "वजन नाही रे, संख्या! संख्या!"

ती बाहेर आली. अत्यंत नम्रपणे म्हणाली, "सर, तुम्ही ऑफिसात बसा ना जी थोडं."

गेलो. पाच पावलांवरच्या खांबाआड थांबलो आणि रुमाल दातात धरला. आत वाद पेटला होता. क्विंटल, मण, पोतं सगळं निघालं. मग शुभेच्छुकांतला एक, ज्याच्या पेपरावर मी मागच्या वर्षी लाल पेननं 'विचार करून लिहा' असं लिहिलं होतं, तो हळू आवाजात म्हणाला, "थांबा बे. कापसाचा क्विंटल आन् सोयाबीनचा क्विंटल. वजन सारखं, पण बोंडं किती अन् दाणे किती, हे येगळं. आता याच्या उलटं पाय. मोजून घ्याचं सारखं, वजन येईन ते येईन. पाण्याचे तेवढेच कण घेतले त अठरा ग्रॅम, मिठाचे तेवढेच घेतले त साडेअठ्ठावन."

"तेवढेच म्हंजे किती?"

"पुस्तकात हाय ना. सहा पॉइंट शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात."

मी आजवर हा भाग केळ्यांच्या डझनावर शिकवला. डझन बारा, तसा मोल एवढा. पोरं माना हलवायची, मीही खूश असायचो. क्विंटल उलटा करायचं मला सुचलं नाही, आणि मी शेतकऱ्याच्याच घरचा. रुमालाला भोक पडलं होतं. आत तिनं एवढंच विचारलं, "आपल्या विहिरीच्या पाण्यात मीठ किती, हे यावरून काढता येईन का?" आणि पुन्हा गप झाली. या वेळची शांतता तीन सेकंदांहून बरीच लांबली. वह्यांची पानं उलटल्याचा आवाज आला.

खांबापाशी शिपाईभाऊ किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. वर्ग बंद करायची वेळ झाली होती.

"सर, तुम्ही बाहीर, पोट्टे अंदर. काय चालू हाय हे?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. एक, दोन, तीन मोजले. मग म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

भाऊंनी जुडगा खिशात टाकला, डोक्यावरची टोपी काढली आणि कट्ट्यावर बसले. "मले?" म्हणाले. "वीस वर्षांत हे कोणी इचारलं नाही." मग त्यांना काय वाटतं, ते त्यांनी सांगायला घेतलं. प्रयोगशाळेच्या गळक्या नळापासून सुरुवात झाली, बोअरच्या मोटरवरून गणिताच्या सरांवर आली, तिथून चुन्याच्या न मिळालेल्या पैशांवर. मला मधे बोलायचं नव्हतं. साडेपाचची एसटी फाटकासमोरून हॉर्न देत गेली तेव्हा भाऊ नॅकच्या काजूंपर्यंत पोचले होते.