आधी चिठ्ठी, मग चर्चा
गटाने निर्णय कसा घ्यावा यावरच्या लेखात बहुमत आणि सर्वसहमतीची तुलना चांगली केलीय, पण वेळ कमी असला की सरळ हात वर करायला लावा हे काही पटलं नाही. आमच्या रावेर-यावलकडे केळीवाल्यांच्या मीटिंगला मोठा बागायतदार आधी बोलतो आन मग बाकीचे नुसत्या माना डोलावतात, त्याला काय मतदान म्हणायचं का! त्यापेक्षा आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, नाव न घेता सगळ्या वाचायच्या, चर्चा नंतर, आणि शेवटी प्रत्येकाने पर्यायांना पहिला-दुसरा-तिसरा असा पसंतीक्रम द्यायचा, म्हणजे चार-पाच पर्यायांत मतं फुटून भलतंच निवडून येत नाही, जाँ-शार्ल द बोर्डा या फ्रेंच गणितज्ञाने १७७० मध्येच हे मांडलंय. गडचिरोलीचं मेंढा-लेखा गाव सर्वसहमतीने चालतं, जंगल-पाण्यासाठी तेच योग्य, पण घड कापणीला आलेले असताना व्यापारी ठरवायला तेवढं थांबता येत नाही हो.