‘लॅपटॉपची वॉरंटी नावापुरती’: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की घरोघरी लॅपटॉपची खरेदी होते आणि त्याच सुमारास एक मेसेजही फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘लॅपटॉपची वॉरंटी नावापुरती असते. मागचं झाकण उघडून रॅम वाढवली की ती संपली. सर्व्हिस सेंटरने फिजिकल डॅमेज लिहिलं की पुढे काही चालत नाही. बिल आणि खोका नसेल तर दारातूनच परत पाठवतात. मुदत एका दिवसाने टळली तरी हक्क गेला. एकच बिघाड तीनदा झाला तर कायद्याने नवा लॅपटॉप द्यावा लागतो, पण त्यासाठी वकील लावून वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागतात. त्यापेक्षा गल्लीतल्या दुकानात द्या आणि मोकळे व्हा.’

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. बहुतेकांनी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मनस्ताप सोसलेला असतो. पण तो वाचून माणसं पहिल्याच नकारानंतर घरी परततात आणि जे काम फुकट व्हायला हवं होतं त्यासाठी हजारो रुपये मोजतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

झाकण उघडलं की वॉरंटी संपते, हे सरसकट खरं नाही. अनेक मोठ्या कंपन्या त्यांच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल स्वतःच जाहीर करतात. कोणता स्क्रू कुठे आहे, रॅम कशी काढायची, एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) कशी बसवायची, हे त्यात चित्रांसह दिलेलं असतं. काही कंपन्या तर ग्राहकाने स्वतः बदलायच्या पार्टची यादीच देतात. अशा मॉडेलची रॅम तुम्ही वाढवली आणि पुढे स्क्रीनवर रेषा आल्या, तर रॅमकडे बोट दाखवून स्क्रीनची वॉरंटी नाकारणं पटण्यासारखं नाही. रॅममुळे स्क्रीन कशी गेली, हे त्यांना लेखी विचारा. झाकण उघडताना तुमच्या हातून केबल तुटली किंवा चुकीचा स्क्रू बोर्डात घुसला, तर ते नुकसान मात्र तुमचं. बाहेरून घेतलेल्या रॅमची वॉरंटीही रॅमच्या कंपनीची, लॅपटॉपच्या नव्हे. त्यामुळे मूळ रॅम जपून ठेवा आणि लॅपटॉप दुरुस्तीला देताना तीच बसवून द्या.

इथे दुसऱ्या बाजूची चुकीची माहितीही खोडून काढायला हवी. ‘वॉरंटी रद्द’ असं लिहिलेलं स्टिकर बेकायदा आहे, असं ठामपणे सांगणारे व्हिडिओ बहुधा अमेरिकेबद्दल बोलत असतात. तिथे १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी नियामक संस्थेने २०१८ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये अशा स्टिकरवरून कंपन्यांना लेखी ताकीद दिली. आपल्याकडे इतका थेट कायदा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, पण ते माहितीचं पोर्टल आहे. म्हणून आपल्या मॉडेलच्या वॉरंटीच्या अटी खरेदीआधीच वाचा.

आता फिजिकल डॅमेजचा मुद्दा. सगळ्यात जास्त माणसं इथेच हार मानतात.

माझ्या मावसबहिणीचा लॅपटॉप उघडताना डाव्या कोपऱ्यात कडकड आवाज यायचा. मग एक दिवस हिंजपाशी, म्हणजे झाकणाच्या बिजागरापाशी, स्क्रीनच्या कडेची पट्टी उचकटली. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने तो उलटसुलट करून पाहिला आणि जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, लिहिलं, ‘फिजिकल डॅमेज, सीआयडी’. सीआयडी म्हणजे ग्राहकामुळे झालेलं नुकसान. खाली सही करायला सांगितली. मी सोबत होतो, म्हणून सही करण्याआधी आम्ही लॅपटॉप तिथेच टेबलावर ठेवून नीट पाहिला. एकाही कोपऱ्याला चेप नव्हता, काच शाबूत होती, झाकणावर आपटल्याची खूण नव्हती. फट होती ती फक्त हिंजच्या बुडाशी. तिथे हिंजचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटांत जातात. हिंज घट्ट झाला की प्रत्येक उघडझापीचा ताण त्या प्लास्टिकवर येतो आणि नट प्लास्टिकसकट उखडून येतात. लॅपटॉप पडला, तर सहसा असं सुटसुटीत नुकसान होत नाही.

आम्ही सर्व बाजूंनी फोटो काढले. जॉबशीटवर ‘बाहेरून आघाताची खूण नाही, निदान मान्य नाही’ असं तिच्या हाताने लिहिलं आणि मगच सही केली. संध्याकाळी तेच फोटो केस नंबरसह कंपनीच्या ईमेलवर गेले. उत्तर आलं ते साचेबद्ध. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीच्या वरच्या कार्यालयातून फोन आला आणि हिंज व झाकण वॉरंटीतच बदलून मिळालं.

प्रत्येकाचं असंच होईल, असं मी म्हणत नाही. खरोखर पाणी सांडलं असेल, लॅपटॉप पडला असेल, तर साधी वॉरंटी लागू होत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पण काउंटरवरच्या माणसाचं निदान हे त्याचं मत असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ नुसार, चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणारी यंत्रणा) ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणजे ‘आम्ही म्हणतो तेच अंतिम’ ही भूमिका कायद्याला मान्य नाही.

जॉबशीटची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बिघाड मध्येच होतो, मध्येच थांबतो, असं असेल तर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून लॅपटॉप परत येतो. घरी बिघाड दिसेल तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात सीरियल नंबरचं लेबलही दिसू द्या. बॅटरी लवकर उतरत असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून बॅटरी रिपोर्टची ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा चालवा. बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावर उरलेली क्षमता, दोन्ही आकडे त्यात मिळतात. एक लक्षात ठेवा: लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची पुष्कळदा एकच वर्ष असते.

बिल आणि खोका. वॉरंटी सीरियल नंबरवर नोंदलेली असते, खोक्यावर नाही. खोका लागतो तो ऑनलाइन घेतलेला लॅपटॉप सुरुवातीच्या काही दिवसांत परत करताना. बिल मात्र लागू शकतं, कारण कंपनीच्या नोंदीतली तारीख कधी कधी तुमच्या खरेदीच्या आधीची असते. दुकानदाराने बिलच दिलं नाही, तर ती कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

मुदत टळली की हक्क गेला, हे अर्धसत्य आहे. बिघाड वॉरंटीत असताना नोंदवला असेल, दुरुस्ती झाली असेल आणि मुदतीनंतर तोच बिघाड पुन्हा आला असेल, तर जुनी जॉबशीट हाच तुमचा पुरावा. म्हणून शेवटच्या महिन्यात बारीकसारीक तक्रारही लेखी नोंदवून ठेवा. आयोगाकडे जाण्याची मुदत वेगळी आहे: कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. नुसते ईमेल पाठवत राहिल्याने ती वाढत नाही.

‘तीनदा बिघडला की नवा’ असा नियम भारतीय कायद्यात नाही. ही समजूत इतकी पक्की आहे की माणसं काउंटरवर तिच्याच जोरावर भांडतात आणि तोंडघशी पडतात. आयोग कलम ३९ नुसार दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो. यातलं काय मिळेल ते पुराव्यावर ठरतं. एक पार्ट बदलून दोष जात असेल, तर नवा लॅपटॉप मिळेलच असं नाही. तोच दोष पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळची जॉबशीट तुमच्याकडे आहे, तर तुमची बाजू भक्कम होते. म्हणूनच दर वेळी ‘तीच तक्रार पुन्हा’ असे शब्द जॉबशीटवर लिहून घ्या.

वकील लावणं सक्तीचं नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य आहे, आणि बहुतेक लॅपटॉप त्यातच बसतात. तक्रार ऑनलाइन दाखल होते, महाराष्ट्रात जिल्हा आयोगापुढे मराठीतही. कंपनीचं मुख्यालय बंगळुरू किंवा गुरुग्रामला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे लातूरच्या माणसाला लातूरमध्येच. घरगुती क्लास घेणारे किंवा एकट्याने डिझाइनची कामं करणारे यांना ‘हा व्यावसायिक वापर आहे’ असं सांगून गप्प केलं जातं. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू असेल, तर कायदा त्यांनाही ग्राहकच मानतो.

वेळ लागतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि चाचणी लागल्यास पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त काळ जातो. म्हणून आधी १९१५ ही हेल्पलाइन वापरा. तिला आदेश देता येत नाही, पण ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते.

राहिला गल्लीतल्या दुकानाचा सल्ला. वॉरंटी चालू असताना बोर्डावर बाहेरच्या माणसाने सोल्डरिंग केलं, तर कंपनीला नकारासाठी खरंखुरं कारण मिळतं. वॉरंटी संपल्यावर मात्र हा सल्ला चांगला आहे. कंपनी बहुधा अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगते, तिथे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा तुमच्या गावातला जाणकार कारागीर जळालेली एकच आयसी (चिप) बदलून काम भागवू शकतो.

दोन्हीकडे देण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, त्याची हमी कुणीच देत नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर (डेटाला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती बहुधा साठवलेली असते. मदरबोर्ड बदलून लॅपटॉप परत आला की सुरू होताना तो पहिल्यांदा तीच मागतो.