फिरोज गांधी ‘खान’ही नव्हते आणि नुसते जावईही नव्हते

पुतणीने नागरिकशास्त्राच्या प्रकल्पात व्हॉट्सॲपवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहावं लागतंय. मजकूर असा : फिरोज गांधी मूळचे ‘फिरोज खान’, नवाब खान नावाच्या किराणावाल्याचा मुलगा, महात्माजींनी प्रतिज्ञापत्र करून त्यांना आडनाव दिलं, आणि खासदार म्हणून सासऱ्यांच्या, म्हणजे पंडित नेहरूंच्या, मागे बसण्याखेरीज त्यांनी काही केलं नाही.

‘खान’ साफ खोटं. जन्म मुंबईचा, १२ सप्टेंबर १९१२. वडील जहांगीर, आई रतिमाई, घराणं भरूचकडचं पारशी. अस्थींचा काही भाग अलाहाबादच्या पारशी दफनभूमीत आहे. आणि मुसलमान असते तर काय बिघडलं असतं, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा सांगावं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बदललं, एवढं खरं. प्रतिज्ञापत्राचा मात्र ना क्रमांक, ना तारीख, ना न्यायालय.

मला चीड येते ती शेवटच्या वाक्याची. लोकसभेचं कामकाज छापलेलं आहे. डिसेंबर १९५७चं काढून वाचा. एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले होते. पैसा विमेदारांचा, कंपन्या डबघाईला आलेल्या. सासरे पंतप्रधान असताना, काँग्रेसच्याच बाकावरून फिरोज गांधींनी हे प्रकरण धसास लावलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांची चौकशी नेमावी लागली, मुंबईत उघड सुनावणी झाली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. त्याआधी, डिसेंबर १९५५मध्ये, दालमियांच्या भारत इन्शुरन्सचा गैरकारभारही त्यांनीच सभागृहात मांडला होता. पुढच्याच महिन्यात आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला.

१९५२ साली रायबरेलीचं तिकीट मिळताना जावईपण उपयोगी पडलं असेल, हे मान्य करावं लागेल. पण हा माणूस १९३०पासून स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जात होता, तेव्हा लग्नाला अजून बारा वर्षं होती.

संसदेत बोललेलं जसं घडलं तसं छापल्याबद्दल वर्तमानपत्राला कोर्टात खेचता येऊ नये, असा कायदा १९५६मध्ये झाला. तो फिरोज गांधींनी आणलेल्या खासगी विधेयकातून आला. १९६० साली ते गेले. आणीबाणीत, १९७६मध्ये, त्यांच्याच पत्नीच्या, इंदिरा गांधींच्या, सरकारने तो कायदा रद्द केला, आणि १९७७मध्ये जनता सरकारला तो पुन्हा करावा लागला.