"गॉगलला १४ डीबीआयचा पॅच लावा, रेंज तिप्पट" हे खरं का नाही

एफपीव्ही, म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये बघत उडवणं, शिकायला लागलेल्या प्रत्येकापर्यंत एक मेसेज कुठून ना कुठून पोचतोच. त्यातला मजकूर थोडक्यात असा: गॉगलबरोबर आलेले अँटेना काढून टाका, दोन्ही बाजूंना १४ डीबीआयचे पॅच (एकाच दिशेला बघणारे चपटे अँटेना; डीबीआय म्हणजे अँटेना त्या दिशेला किती जास्त ऐकतो त्याचं माप) लावा, रेंज तिप्पट होते, ड्रोनवर कुठलाही अँटेना चालतो, आरएचसीपी-एलएचसीपी (लहर उजवीकडे फिरत जाते की डावीकडे) हा विक्रीचा फंडा आहे, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप) कमी तेवढा अँटेना भारी, आणि तरी नाही जमलं तर व्हीटीएक्सची (ड्रोनवरच्या व्हिडिओ ट्रान्समीटरची) पॉवर वाढवा. यातलं पहिलंच वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचं सगळं लोकांच्या गळी उतरतं, आणि मग नवीन पोरांचे ड्रोन झाडीत जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"१४ डीबीआय लावला की रेंज तिप्पट."

गणित म्हणाल तर बरोबर आहे. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने पडतो (डीबी म्हणजे डेसिबल, दर ३ डीबीला ताकद दुप्पट किंवा निम्मी), म्हणजे २ डीबीआयच्या साध्या ऑम्नीवरून (सगळ्या बाजूंना ऐकणाऱ्या अँटेनावरून) १४ वर गेलात तर १२ डीबी मिळाले, रेंज तिप्पट काय, कागदावर चौपट व्हायला हवी. पण अँटेनाला काही बॅटरी नसते, जादा ताकद तो आणणार कुठून, तो बाकी दिशांना ऐकणं कमी करतो आणि एका दिशेला जास्त ऐकतो एवढंच. म्हणजे डीबीआयचा आकडा जितका मोठा तितका बीम, म्हणजे तो नीट ऐकतो तो कोन, अरुंद. ८ डीबीआयच्या पॅचचा बीम साधारण ७० ते ७५ अंश असतो, १४ वाल्याचा ३५ ते ४०. आता ड्रोन तुमच्यापासून १०० मीटरवर आहे असं धरा, ८ वाल्याला तिथे जवळपास दीडशे मीटर रुंद पट्टा मिळतो आणि १४ वाल्याला जेमतेम ७० मीटर, ड्रोन ३० मीटरवर आला की १४ वाल्याचा पट्टा २० मीटरवर येतो, आणि हे बीमच्या कडेपर्यंतचं माप झालं, कडेला पोचेपर्यंत ३ डीबी आधीच गेलेले असतात.

आणि हा अँटेना बसवायचा कुठे, तर डोक्यावर! गॉगल लावून उडवणाऱ्या कुणालाही बाजूला उभं राहून बघा, ड्रोन वळला की मान त्याच्याबरोबर कलते, खुर्चीवर बसलेला माणूस हळूहळू तिरका होत जातो आणि त्याला पत्ताही नसतो, कारण त्याला बाहेरचं काही दिसतच नाहीये. अशा डोक्यावर ४० अंशांचा बीम म्हणजे नाकापेक्षा मोती जड. १४ डीबीआय वाईट नाही, त्याची जागा ट्रायपॉडवर आहे, जिथे तो एका दिशेला रोखून ठेवता येतो आणि ड्रोन खरंच त्याच दिशेला लांब जाणार असतो.

"दोन्ही बाजूंना पॅच लावा."

अ‍ॅनालॉग गॉगलमध्ये डायव्हर्सिटी, म्हणजे दोन अँटेना, कशासाठी असते ते बघा. साधा डायव्हर्सिटी रिसीव्हर दोन अँटेनांचे सिग्नल बेरीज करत नाही, त्या क्षणी ज्याचा चांगला असेल तो निवडतो, आणि दोन्ही सारखेच पॅच, दोन्ही समोरच बघतायत, तर निवडणार काय? ड्रोन मागे गेला की दोघंही एकदमच आंधळे. एका बाजूला ऑम्नी, दुसऱ्या बाजूला ८ च्या आसपासचा पॅच, ही जुनी जोडी अजूनही सगळ्यात शहाणी आहे. डिजिटलचं वेगळं, तिथल्या बऱ्याच सिस्टीममध्ये गॉगल स्वतः ड्रोनला सिग्नल पाठवतोही आणि अनेक अँटेना मिळून काम करतात, त्यामुळे बदल करायचाच तर त्या सिस्टीमची पोलरायझेशन (लहर सरळ की गोल फिरणारी, उजवी की डावी) नीट वाचून करावा.

"ड्रोनवर कुठलाही अँटेना चालतो."

मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा मुद्दा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ड्रोनवरून जे बाहेरच पडलं नाही ते गॉगलवरचा कितीही महाग पॅच ओढून आणणार नाही.

ऑम्नी म्हणजे सगळीकडे सारखा असं लोक समजतात, पण तो आडव्या दिशेला चांगला असतो आणि त्याच्या टोकाच्या दिशेला सिग्नल एकदम पडतो. ड्रोन वेगात जाताना पुढे झुकतो, ३०-४० अंश सहज. अँटेना ड्रोनवर अगदी सरळ उभा बसवला असेल तर परत येताना त्याचं टोक तुमच्याकडे झुकतं, शिवाय अँटेना मागे आणि बॅटरी वर असेल तर बॅटरी बरोबर मधे येते, आणि तुम्ही म्हणता जाताना तर व्हिडिओ छान होता, येताना का फाटला. याला उपाय स्वस्त आहे, अँटेना थोडा मागे कललेला ठेवायचा म्हणजे उडताना तो उभा होतो, आणि त्याचं डोकं बॅटरीच्या आणि कार्बनच्या सांगाड्याच्या वर काढायचं. कार्बन फायबर वीज वाहून नेतो, त्यामुळे ५.८ गिगाहर्ट्झच्या व्हिडिओ सिग्नलच्या वाटेत तो आला की आडोसाच झाला. डोक्यावरून उड्डाण करतानाही हेच, ड्रोन बरोबर वर असला की तुम्ही त्याच्या टोकाच्या दिशेत येता.

कनेक्टरही बघा, अगदी डोळ्याजवळ धरून. एसएमए आणि आरपी-एसएमए हे अँटेना जोडायचे दोन प्रकार बाहेरून जुळ्यासारखे दिसतात. एका बाजूला मध्यभागी पिन आणि दुसऱ्या बाजूला भोक असायला हवं. दोन्हीकडे भोक असेल तरी आटे मस्त बसतात, घट्टही होतं, पण आत काही टेकतच नाही. टेबलावर व्हिडिओ दिसतो, म्हणून शंका येत नाही, आणि बाहेर गेलं की थोड्याच अंतरात सगळं बंद. वर असा व्हीटीएक्स बिनअँटेनाचाच चालतोय, तो जळूही शकतो.

"आरएचसीपी-एलएचसीपी हा फंडा आहे."

फंडा नाहीये. एक उजवा (आरएचसीपी) आणि एक डावा (एलएचसीपी) लावलात तर प्रत्यक्षात २० डीबीच्या आसपास जातात, म्हणजे रेंज दहाव्या हिश्श्यावर. एक सर्क्युलर, म्हणजे असा गोल फिरणारा, आणि एक सरळ लिनिअर असेल तर ३ डीबी. आणि सर्क्युलरचा खरा फायदा असा की भिंतीवरून, जमिनीवरून एकदा आपटून आलेल्या लहरीचा हात उलटा होतो, उजव्याचा डावा, त्यामुळे तो परतलेला कचरा तुमचा अँटेना आपोआप कमी ऐकतो. हेलिकल असेल तर नुसतं बघूनही ओळखता येतं, कॉइल नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखी फिरत असेल तर तो आरएचसीपी.

"एसडब्ल्यूआर कमी म्हणजे भारी."

एसडब्ल्यूआर २ असला तरी परत फिरणारी पॉवर ११ टक्के, तोटा अर्धा डीबी. १.२ आणि १.५ मधला फरक उडवताना कुणालाही जाणवणार नाही. ५० ओहमच्या डमी लोडचा (अँटेनाच्या जागी लावायच्या नुसत्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर १ असतो आणि त्यातून हवेत काहीही जात नाही, आता बोला.

"नाहीतर पॉवर वाढवा."

४०० वरून ८०० मिलीवॅट केलंत तर ३ डीबी, रेंज फार तर १.४ पट, आणि त्याच्या बदल्यात व्हीटीएक्स तापणार, बॅटरी जाणार, शेजारी उडवणाऱ्याचा व्हिडिओ खराब होणार. बरेचदा अँटेना नीट कलवूनच व्हिडिओ सुधारतो, फुकट. आणि पॉवर असो की अँटेनाचे डीबीआय, टेकडी किंवा झाडांची रांग त्याने भेदली जात नाही. ५.८ ला १ किलोमीटरवर दोघांच्या मधोमध सुमारे साडेतीन मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते, ड्रोन दोन मीटरवरून उडवत असाल तर जमीनच त्यात घुसलेली असते. उंची घ्या, ट्रायपॉड उंच करा, त्यानेच फरक पडतो.

"मी लावला, मला फरक दिसला."

दिसला असेल, पण त्याच दिवशी चॅनल बदलला होता का, गर्दी कमी होती का, जागा तीच होती का? नीट बघायचं तर व्हीटीएक्स २५ मिलीवॅटवर ठेवा म्हणजे सिग्नल जवळच कमजोर होतो आणि ड्रोन धोक्यात जात नाही, बरोबर एकजण साध्या डोळ्यांनी बघणारा उभा करा, गॉगलवाल्याने मान हलवायची नाही. मग जिथे पांढरे ठिपके यायला लागतात तिथे ड्रोन एका जागी ठेवून हळूहळू पूर्ण गोल फिरवा आणि कुठल्या बाजूला चित्र बिघडतं ते लक्षात ठेवा. एकाच बाजूला बिघडत असेल तर दोष ड्रोनवरच्या जागेत आहे, आधी तिथला अँटेना हलवा. चारी बाजूंना सारखंच असेल तर मग गॉगलचा एकच अँटेना बदला, बाकी काही न बदलता, त्याच जागेवरून पुन्हा तेच करा.