'पोपट झाला' म्हटलं की लगेच मराठी मेली?

आज सकाळपासून डोकं फिरलंय. फॅमिली ग्रुपवर भाचीनं लिहिलं, "इंटरव्ह्यू उद्या होता, मी आजच जाऊन बसले, जाम पोपट झाला." बस, एवढंच. पोरगी स्वतःवरच हसत होती हो. त्यावर एका काकांचं हे एवढं मोठं प्रवचन, की ही टपोरी भाषा आहे, तुमच्या पिढीनं मराठीची वाट लावली, शुद्ध मराठी बोलण्यातली मजाच तुम्हाला माहीत नाही वगैरे वगैरे. पोरीनं सॉरी लिहून मेसेज उडवला. ते सॉरी बघून माझी जास्त सटकली.

कारण त्याच प्रवचनात काका लिहितात, "हल्ली बोलण्यात नुसती खोगीरभरती." अहो काका, खोगीरभरती म्हणजे घोड्याच्या खोगिरात कोंबायचा भराव! सरळ तबेल्यातून उठून तुमच्या शुद्ध मराठीत येऊन बसलाय तो शब्द. तोंडात तोबरा भरलाय म्हणतो ना, तो तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. चष्मेवाल्या पोराला ढापण्या म्हणतात ते घोड्याच्या डोळ्यांवरच्या ढापणांवरून. आणि ती तुमची 'मजा' फारसीतून आलीय, तिथे तिचा अर्थ चव. खलास अरबी. आता काय करायचं, मजा करायची बंद करायची का?

लहानपणी एकदा माझ्या तोंडून "च्यायला" निघालं तर बाबांनी मला दाराबाहेर उभं केलं होतं. आत सगळ्यांचा झब्बूचा डाव रंगलेला. मी बाहेर रडवेली उभी आणि आतून बाबांचा आवाज, "आयला, परत मलाच झब्बू!"

म्हणजे बघा, च्यायला हे 'त्याच्या आईला'चं झिजलेलं रूप, पुढची शिवी गिळून टाकलेली. आणि आयला तरी कोण? तीच आई, तोच 'ला'. पण एकाला शिक्षा आणि एकाला पुढचा पत्ता. आपल्याकडे शब्दाची जात तो कुणाच्या तोंडी आहे त्यावरून ठरते, मला राग येतो तो याचा. पेपरात "विरोधकांना धोबीपछाड" छापून येतं तेव्हा कुणी म्हणतं का की शी, हा तालमीतला डाव आहे, लंगोटवाल्यांची भाषा आहे? चीतपट, आस्मान दाखवलं, सगळं त्याच लाल मातीतलं. तिकीट मिळालं नाही की नेत्याचा 'पत्ता कट' होतो, तो पत्त्यांच्या अड्ड्यावरून आलेला. तालीम, तबेला, अड्डा चालतो, फक्त कॉलेजचा कट्टा चालत नाही!

हो, मान्य आहे, बाईवरून नाहीतर कुणाच्या जातीवरून केलेले शब्द कितीही जुने असले तरी नकोच. पण पोपटानं कुणाचं काय घोडं मारलंय?

बाबांचं ते आयला ऐकून आजी आतून म्हणाली, "आता तूपण जा बाहेर." आणि बाबा खरंच आले हो. हातात पत्ते तसेच, माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले आणि तिथूनच ओरडून आपला डाव खेळत होते. (हरलेच शेवटी.) काकांचापण राग जरा कमी झाला हे लिहिता लिहिता, त्यांनापण लहानपणी कुणीतरी असंच बाहेर उभं केलं असेल आणि सोबतीला कुणी आलं नसेल.

पण भाचीचं सॉरी काही मला पटलेलं नाहीये.

आणि काका, तुमचा लाडका शब्द चारसोबीस. पोलीस स्टेशनातून आलाय तो, 1860 च्या भारतीय दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम 420. आता 1 जुलै 2024 पासून तो कायदाच गेला, नव्या न्याय संहितेत फसवणूक कलम 318 मध्ये आहे. तुम्हाला एवढी शुद्धतेची पडलीय तर उद्यापासून "तो एक नंबरचा तीनशे अठरा माणूस आहे" असं म्हणून दाखवा, मी स्वतः भाचीला सांगते पोपट सोडून दे म्हणून.