“होडी वडता, माणूस उबो रवता”: वॉटर स्कीइंगवरच्या त्या मेसेजला उत्तर

मालवण-तारकर्लीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वॉटर स्कीइंग, म्हणजे पायाला लांब पट्ट्या (स्की) बांधून, होडीची दोरी धरून पाण्यावरून घसरत जाणं. ते करणाऱ्या एका परदेशी बाईचा व्हिडिओ आणि खाली मजकूर: होडी ओढते, माणूस नुसता उभा राहतो, याला खेळ म्हणायचं का? बोटी बनवणाऱ्या कंपन्यांनी जाहिरातीसाठी काढलेला हा श्रीमंतांचा चाळा. यातले चॅम्पियन पदकं घेऊन घरी जातात, खेळ वाढवायला त्यांनी काडीचं काही केलेलं नाही. ऑलिम्पिकमध्ये तो नाही, यातच सगळं आलं. आणि आपल्या समुद्रात तर तो होणंच शक्य नाही, तेव्हा पोरांच्या डोक्यात असलं खूळ भरवू नका. खाली अंगठ्यांची रांग, आणि एकाने मालवणीत काढलेला सारांश: “होडी वडता, माणूस उबो रवता, ह्यात खेळ कसलो?”

एकेक मुद्दा घेतो. एका मुद्द्यात तथ्य आहे, तेही सांगतो.

“होडी ओढते, माणूस उभा राहतो.” बनाना राइडबद्दल, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या केळ्यासारख्या फुग्याबद्दल, हे अगदी खरं आहे. तिथे माणूस बसतो, ओरडतो, पाण्यात पडतो आणि पैसे देतो. पण वॉटर स्कीइंगमधला स्लॅलम हा प्रकार पाहा. पाण्यात २५९ मीटरचा सरळ पट्टा आखलेला असतो. बोट त्याच्या मधोमध, जराही न वळता जाते. स्कीअरने मात्र सहा बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना) बाहेरून वळसा घालायचा, एक उजवीकडचा, एक डावीकडचा. प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटर लांब. एका बोयापासून पुढच्या बोयापर्यंत बोट ४१ मीटर जाते. तेवढ्याच वेळात स्कीअरला सरळ रेषेत मोजलं तरी ४७ मीटर कापायचे असतात, वळणं धरली तर आणखी जास्त. वरच्या पातळीवर पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटर, म्हणजे सगळा पट्टा सोळा सेकंदांत संपतो. मागचा माणूस ओढणाऱ्या होडीपेक्षा जास्त वेगाने चाललेला असतो. नुसतं उभं राहून हे कसं जमतं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

आणि इथे खेळ संपत नाही. सहाही बोये जमले की दोरी आखूड करतात. १८.२५ मीटर, मग १६, मग १४.२५, अशी उतरत उतरत ती ११.२५ वर येते, तेव्हा दोरीच बोयापर्यंत पोहोचत नाही. कमी पडणारं अंतर स्कीअरने अंग जवळजवळ पाण्याला टेकेल इतकं झुकवून, हात लांबवून भरून काढायचं. अव्वल खेळाडू १०.२५ मीटरवर आणि त्याहूनही आखूड दोरीवर खेळतात. उडीचा प्रकार वेगळाच: पुरुषांच्या स्पर्धेत जास्तीत जास्त १.८ मीटर उंचीच्या तिरक्या फळीवरून ७७ मीटरच्या पलीकडे उडी गेलेली आहे.

“कंपन्यांनी जाहिरातीसाठी काढलेला चाळा.” या खेळाची सुरुवात १९२२ साली अमेरिकेत, मिनेसोटातल्या पेपिन सरोवरावर झाली. राल्फ सॅम्युएलसन नावाचा पोरगा, उद्या एकोणीस पूर्ण होणार अशा वयाचा. आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही फसलं. मग लाकडाच्या वखारीतून दोन पाट्या आणल्या, सुमारे आठ फूट लांब, नऊ इंच रुंद. त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ केली आणि वर वाकवली. पाय अडकवायला चामड्याच्या पट्ट्या, ओढायला खिडकीला वापरतात ती दोरी. होडी चालवायला भाऊ. टोकं पाण्याच्या वर ठेवून मागे रेलायचं, ही युक्ती सापडली आणि २ जुलैला तो उभा राहिला. १९२५ मध्ये चरबी चोपडलेल्या फळ्यांवरून त्याने पहिली उडीही मारली. यात कंपनी कुठे आहे? त्याने पेटंटसुद्धा घेतलं नाही. ते १९२५ साली दुसऱ्याच माणसाने, फ्रेड वॉलरने घेतलं, आणि सॅम्युएलसनला खेळाचा जनक म्हणून मान्यता मिळायला १९६६ उजाडलं. चाळीसहून जास्त वर्षं! जाहिरात करणारा माणूस इतका वेळ गप्प बसत नाही.

पुढेही जे घडलं ते पाण्यात उतरणाऱ्यांनी घडवलं. अमेरिकेतली संघटना आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३९ ची. तळाला मागचं पातं नसलेली, पाण्यावरच्या कसरतींसाठीची आखूड ट्रिक स्की १९४० मध्ये जॅक अँड्रेसनने आणली, तो स्वतः स्कीअर. जागतिक संघटना १९४६ मध्ये जिनिव्हात उभी राहिली आणि तीन वर्षांनी फ्रान्समध्ये ज्वाँ-ले-पँ इथे पहिली जागतिक स्पर्धा भरली.

“चॅम्पियन पदकं घेऊन घरी जातात.” हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. त्या १९४९ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत महिलांचं एकूण (सगळे प्रकार मिळून) विजेतेपद मिळवणारी विला वर्दिंग्टन (पुढे मॅग्वायर, मग कुक) ही ओरेगॉनची. १९५० मध्ये पुन्हा तीच जिंकली आणि १९५५ मध्ये पुन्हा. पण तिचं काम पदकांच्या पेटीत मावणारं नाही. फ्लोरिडातल्या सायप्रस गार्डन्समध्ये ती वर्षानुवर्षं शो करत होती, आणि फक्त करत नव्हती, बसवत होती. एका रांगेत मुली, एकाच तालात, पाण्यावर बॅले. हा प्रकार रुजवण्याचं श्रेय तिला देतात. आता कुणी म्हणेल, सायप्रस गार्डन्स हे पर्यटनाचं ठिकाण, म्हणजे जाहिरातच झाली ना! होय, तिकीट लावून शो चालायचे. दशावतारालाही मानधन लागतं. पण तिथे रोज स्की करणाऱ्या पोरापोरींना सराव मिळाला, पोट भरता आलं, आणि १९५० ची जागतिक स्पर्धा त्याच पाण्यावर झाली. स्पर्धा आणि तमाशा वेगळे ठेवा असं म्हणणारे लोक प्रत्येक खेळात असतात. या खेळात त्यांचं ऐकलं असतं तर तो चार सरोवरांपलीकडे गेला नसता, असं माझं मत.

दुसरं उदाहरण अँडी मॅपल. इंग्लंडचा मुलगा, १९८१ मध्ये मायदेशातच, थॉर्प पार्कला, स्लॅलमचा जगज्जेता झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढे जागतिक विक्रम मोडत राहिला, ते बहुतेक स्वतःचेच. पण तो स्की घडवतही राहिला: पात्याची जागा कुठे, वळताना पाणी कसं सुटतं, कुठे थोडं घासायचं. त्याच्या नावाच्या स्कीवर पुढे असंख्य हौशी लोक खेळले. २०१५ मध्ये तो अकाली गेला. घरी नेलेली पदकं एवढंच याचं योगदान, असं म्हणायला तोंड धजावत नाही.

“ऑलिम्पिकमध्ये नाही.” १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये प्रात्यक्षिक खेळ म्हणून होता, कील इथे. त्यानंतर नाही, हे खरं. पण कबड्डीही ऑलिम्पिकमध्ये नाही. पुढे.

“आपल्या समुद्रात शक्य नाही.” इथे तथ्य आहे. उघड्या दर्यावर स्लॅलम होत नाही. त्याला आरशासारखं सपाट पाणी लागतं. पण परदेशातसुद्धा हा खेळ दर्यावर फारसा होत नाही, सरोवरांवर आणि खोदलेल्या तळ्यांवर होतो. आपल्याकडे देवबागच्या मागे कर्लीची खाडी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी मतलई मंदावतो आणि खारा वारा अजून सुटलेला नसतो, त्या वेळात खाडीचं पाणी कसं असतं ते तिथल्या कुणालाही विचारा. खरी अडचण वेगळीच आहे आणि मेसेजात तिचा उल्लेखही नाही. बोटीची लाट काठावर आपटते. तिथे कांदळवन आहे, जाळी लावलेली असतात, ओहोटीला बायका तिसऱ्या (शिंपल्या) काढायला उतरतात. त्यांना विचारल्याशिवाय एकही बोया टाकू नये. आणि वारसा म्हणून जपलेल्या धामापूरच्या जुन्या तलावाचं नाव तर कुणी काढूच नये.

पैशाचा मुद्दा राहिला. इंजिनाची बोट आणि इंधन महाग आहे, एकट्या माणसाला परवडत नाही. म्हणून इतरत्र क्लब करतात. जर्मनीत ब्रुनो रिक्सनने १९६० च्या दशकात तळ्यावर केबल फिरवून स्कीअरला ओढायची सोय काढली. तिला बोटच लागत नाही आणि लाटही उठत नाही. आपल्याकडे पॅरासेलिंग आणि बंपर राइडमुळे बोटी आधीच आहेत. शिकवणारं कुणी टिकून राहिलं तर काय होतं, ते तारकर्लीत एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) स्कूबा केंद्रामुळे दिसलंच आहे. स्पर्धेत बोट एका वेगाने, एका रेषेत नेणं हे वेगळं कसब मानतात. देवबागच्या पोरांना ते शिकायला फार दिवस लागणार नाहीत. प्रश्न मागे दोरी धरणाऱ्याला कोण शिकवणार एवढाच आहे, आणि त्यासाठी पहिला शिक्षक बाहेरून बोलवावा लागेल.